फ्रिजखालची स्वाती

दिवाळीच्या आधी आमच्याकडे एक दिवस फ्रिज पुढे ओढायचा असतो. मागच्या रविवारी दुपारी तो ओढला, तेव्हा मागच्या पायाखालून काहीतरी निसटलं आणि फरशीवर टणकन वाजलं. बघतो तर स्वाती.

स्वाती म्हणजे दगड. न्हाव्याचा. पाचेक इंच लांब, साबणाच्या वडीहून चपटा, करडा-हिरवट, आणि इतकी वर्षं वस्तरे घासूनही सपाटच्या सपाट. एका अंगावर तीन रेघा आणि इंग्रजी अक्षरं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. नुकतीच एबीसीडी आलेला मुलगा दुकानांच्या पाट्यांपासून गोळ्यांच्या पाकिटापर्यंत दिसेल ते वाचत सुटतो, तसं मी आमच्या न्हाव्याच्या, तात्यांच्या दुकानात हे वाचलं होतं. एस, डब्ल्यू, ए, टी, वाय. स्वाती! तात्यांना मुलगी नव्हती, म्हणून जास्तच कोडं पडलं.

"तात्या, ही स्वाती कोण?"

"कुठली रं?"

"दगडावर लिहिलीय ती."

तात्यांनी दगड उलटसुलट करून पाहिला. वाचायचा प्रश्न नव्हताच. "आसंल कुणीतरी. बाबांनी ममईहून आणलाय त्यो," म्हणाले आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. त्याच आठवड्यात आजीने स्वाती नक्षत्राचा पाऊस शिंपल्यात पडला की मोती होतो, असं सांगितलं होतं. मला सगळं जुळल्यासारखं वाटलं.

खरा स्वाती निघाला पुरुष, तोही आडनावाचा. फ्रान्झ स्वाती. 1879 साली त्याने मारबुर्ग गावात कारखाना काढला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आता मारिबोर म्हणतात आणि स्लोव्हेनियात आहे. म्हणजे गाव जागच्या जागी राहिलं आणि देश बदलत गेले. दगड तरी कसला, खाणीतला नव्हेच. बारीक कण एकत्र बांधून, भाजून केलेला. तिकडे अमेरिकेत 1891 च्या सुमारास अचेसन नावाचा गृहस्थ भट्टीत कृत्रिम हिरा करू बघत होता. हिरा झाला नाही, कार्बोरंडम नावाचं फार कठीण द्रव्य झालं, आणि त्याचेही न्हाव्यांचे दगड निघाले. हिऱ्याच्या नादात दाढीची सोय झाली म्हणायची.

रविवारी सकाळी तात्यांकडे नंबर लावावा लागे. खुर्चीच्या हातावरचा हूक केव्हाच तुटला होता, त्यामुळे वस्तऱ्याचा चामड्याचा पट्टा धरायला बाकावरचं एखादं पोर लागायचं. बहुतेक वेळा मी. मजुरी म्हणजे केस कापायच्या आधीच मानेवर पावडरचा फुगा.

पट्टा रोज, प्रत्येक दाढीला. दगड मात्र रोज निघत नसे. वस्तरा ओढायला लागला, गिऱ्हाईक डोळे मिटण्याऐवजी आवळायला लागलं, की तात्या धोकटीत हात घालत. दगडावर धार पुढे, जणू दगडाचीच दाढी करायचीय. चामड्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागून. सर्र, सर्र, दगडावर. मग चटपट, चटपट, पट्ट्यावर. हा आवाज मला अजून कुठेही ओळखता येईल, फक्त तो आता कुठे होत नाही.

वस्तऱ्याची गंमत त्याच्या पाठीत आहे. सुरीला धार लावताना ती किती कलती धरायची, हे हाताच्या अंदाजावर. वस्तरा मात्र दगडावर सरळ आडवा झोपवायचा, पाठही टेकलेली आणि धारही टेकलेली. पाठ जितकी जाड, तितका कोन. मग धारेबरोबर पाठही झिजत जाते आणि कोन तोच राहतो. तात्यांच्या बाबांचा वस्तरा झिजून करंगळीएवढा झाला होता, पण कोन बाबांच्या वेळचाच.

एकदा बाहेर अस्वलवाला आला. मी मान वळवली, पट्टा सैल पडला आणि वस्तरा खस्सकन चामड्यात घुसला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेस वाळत होता. तात्या ओरडतील म्हणून मी अंग चोरून उभा. ते ओरडले नाहीत. धार उजेडाकडे धरून बघितली, दगड काढला, गिऱ्हाइकाच्या गालावरचाच थोडा फेस ब्रशने त्यावर ओढला आणि मारले चार हात. मोजून चार.

"आता धर ताणून. आस्वाल उद्याबी यील."

अस्वल दुसऱ्या दिवशी आलं नाही, पण तो मुद्दा नव्हे.

पुढे एड्सची पोस्टरं लागली. तात्यांच्या मुलाने अख्खा वस्तरा बाजूला ठेवून पान घालायचा वस्तरा आणला. कागदातच ब्लेड मधोमध मोडायचं, कट्, अर्धं आत सरकवायचं, गिऱ्हाईक उठलं की फेकायचं. बरोबरच होतं ते. मी स्वतः आजही नवीन पान घातलं की नाही, हे मान वाकडी करून बघतो. तात्यांनी दुकानातून अंग काढून घेतलं तेव्हा दगड आणि एक जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा माझ्या हातात दिला. पट्टा धरल्याची थकबाकी, म्हणाले.

तो कपाटात पडून होता. मग आलं 2020. सलून बंद. 28 जूनला उघडली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांना, दाढीला मनाई. मला वाटलं, हीच वेळ. दोनचार व्हिडिओ पाहिले, दगड भिजवला, आणि वस्तरा दगडावर चालवतच राहिलो. फार छान वाटतं ते करताना, हेच वाईट. हातावरचे केस सपासप उडाले. गालावर मात्र वस्तऱ्याने जो खरवडा काढला, तो चार दिवस मास्कखाली लपवला.

तात्यांना फोन केला.

"किती हात मारलं?"

"असतील पन्नासेक."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "वस्तरा हाय बाबा त्यो. खुरपं न्हवं."

हा दगड धार काढायला नसतोच, असलेली धार जागी करायला असतो. जास्त घासलं की टोकाला दिसणार नाही इतका पातळ पापुद्रा सुटतो. केस तो कापतो, म्हणून माणूस फसतो. कातडीवर गेला की तुटतो. तात्यांनी हे असं काही सांगितलं नाही. ते फक्त "चार" म्हणाले आणि फोन मुलाकडे दिला.

त्यानंतर दगड फ्रिजखाली कसा गेला, हे मी बायकोला विचारलं. "हलत होता," ती म्हणाली. "तू तर वापरत नव्हतास."

मी तो धुतला. स्वाती स्पष्ट दिसू लागली, तीन रेघांसकट. ओट्यावरची सुरी घेतली, मग ठेवून दिली. वस्तरा काढला. चार हात मारले. पाचवा मारावासा फार वाटत होता.

तेवढ्यात आतून हाक आली, फ्रिज हलतोय. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलीय. ओल लागली की ती बसणार, तोपर्यंत ठीक आहे.