चोवीस डबल आणि माझा गप्प चेहरा

लालबागच्या एका रात्रशाळेत मी सायन्स शिकवतो. पोरं दिवसभर राबून येतात, शेवटच्या तासाला निम्मी पेंगत असतात, म्हणून परवा धडा सोडून ब्लॅक होल काढलं. माझी नेहमीची टेप, तारा मेला की ब्लॅक होल, मग ते खात खात वाढतं, आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं ४० लाख सूर्यांच्या वजनाचं आहे वगैरे.

मागच्या बाकावर एकजण बसतो, पतपेढीचं डेली कलेक्शन करतो. तो म्हणाला, "सर, डबल किती दिवसात होतं?"

मी हसलो. म्हटलं बाबा, न थांबता खाल्लं तरी साधारण साडेतीन कोटी वर्षं, कारण खायला लिमिट आहे. आत पडणारा गॅस इतका तापतो की त्याच्या उजेडाचाच मागून येणाऱ्या गॅसला धक्का बसतो, दादरला उतरणारा लोंढा चढणाऱ्यांना मागे रेटतो ना तसं. (एडिंग्टन लिमिट म्हणतात त्याला, पण दादर म्हटल्यावर पेंगणारेपण उठले.)

मग मीच शहाणपणा केला. विश्व ६७ कोटी वर्षांचं होतं तेव्हाचा एक क्वेसार, म्हणजे ब्लॅक होल खात असल्याने झगझगणारा दीर्घिकेचा गाभा, सापडलाय, त्यातलं ब्लॅक होल १६० कोटी सूर्यांचं, असं सांगून बसलो. हा उठला, खडू घेतला, मेलेल्या ताऱ्याचे १०० सूर्य धरले आणि डबल करत सुटला. २४ वेळा. गुणिले साडेतीन, ८४ कोटी.

"सर, बसत नाय. विश्वच ६७ चं."

इतकी वर्षं हेच शिकवतोय, एकदाही गुणाकार केला नव्हता. लाज वाटली राव.

"मुद्दलच मोठं असणार," तो म्हणाला.

आता हा काही वाचून आलेला नव्हता, पण प्रियंवदा नटराजन वगैरे खगोलशास्त्रज्ञ हेच म्हणतात, गॅसचा अख्खा ढग तारे न बनवता थेट कोसळला तर सुरुवातच दहा हजार ते लाख सूर्यांपासून. २०२३ ला चंद्रा आणि जेम्स वेब दुर्बिणींनी मिळून यूएचझेड१ दीर्घिकेत पकडलेलं ब्लॅक होल याला जुळतं. लाख धरले तर १४ डबल, ४९ कोटी. बसलं! दुसरा पक्ष म्हणतो मुद्दल छोटंच, पण लिमिट तोडून खाल्लं.

"मग पेनल्टी कोण लावणार?" कोणीतरी पुढून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेने फळा पुसलेला. त्याच्या मोबाईलमध्ये फोटो आहे, वर माझ्या अक्षरात "तारा मेला की", आणि त्यावर त्याची काट.