इंडियन ओशन झकास, हॉल भकास

पुण्यात इंडियन ओशन या दिल्लीच्या रॉक बँडचा शो बघून आलो, आधी निकाल सांगून टाकतो, बँड एक नंबर, जागा एकदम रद्दी. तरी पण जा, फक्त थोडी तयारी करून जा.

कोल्हापूर-कराड-साताऱ्याकडून येणाऱ्यांनी एसटीने स्वारगेटला उतरायच्या भानगडीत पडू नका. हे शो हल्ली बरेचदा बालेवाडी-वाकड-हिंजवडी पट्ट्यातच असतात आणि शनिवारी संध्याकाळी स्वारगेटवरून तिकडं पोचेपर्यंत जीव जातो. त्यापेक्षा मुंबईला जाणारी ट्रॅव्हल्स पकडायची, ती बायपासने जाते, वाकडला उतरायचं आणि तिथून रिक्षा. नवले पुलापाशी अडकणार हे धरूनच चालायचं, त्यामुळं दुपारी जेवून लगेच निघा, आम्ही तसेच निघालो आणि तरी गेटवर अगदी टायमाला पोचलो.

हॉलचं नाव लिहीत नाही कारण असे पाच-पन्नास हॉल असतील. मुळात लग्नाचा हॉल. खाली चकचकीत टाइल्स, एका बाजूला आख्खी काचेची भिंत, वर पीओपीचं बुटकं सिलिंग आणि मध्येच खांब. पुढचा सगळा भाग सोफे टाकून पाहुण्यांसाठी अडवलेला, त्यातले अर्धे सोफे शेवटपर्यंत रिकामे, आणि पैसे मोजून आलेली पब्लिक मागं दोरीला टेकून उभी! रॉक शोला सोफा कशाला लागतो हे मला अजून कळलेलं नाही. बाहेर पुण्याची एवढी मस्त थंडी पडलेली असताना बंद हॉल का, तर उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर वाजवायला बंदी, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपासूनची, काही ठराविक दिवस सोडले तर. बंदिस्त हॉलला त्यात सूट मिळते. म्हणजे शो निवांत लांबवता येतो आणि खाण्यापिण्याचे काउंटरही चालू राहतात. आयोजकांचं गणित बरोबर, आपल्या कानांचं काय?

आता आवाज. इंडियन ओशन म्हणजे नुसती गिटार आणि ड्रम्स नाहीत, तबला हा त्यांचा कणा आहे. आशीम चक्रवर्ती स्वतः तबला वाजवत गायचे, ते २००९ मध्ये गेले, आता तबल्याला तुहिन चक्रवर्ती आणि गायला हिमांशु जोशी. गिटारवाले सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, त्यांच्या जागी निखिल राव. काही जुने फॅन अजून ‘ते दिवस गेले’ म्हणून उसासे टाकत असतात, मला पटत नाही, बास गिटारवाले राहुल राम आणि ड्रम्सवाले अमित किलाम दोघं असेपर्यंत हा बँड उभाच आहे. पण अशा हॉलमध्ये काय होतं, की तबल्याचा एक बोल काचेवर आपटून परत येईपर्यंत पुढचे चार वाजून गेलेले असतात, आणि डग्गा न् बास गिटार एकमेकांत असे मिसळतात की नुसती घूं घूं ऐकू येते. फास्ट तुकडे पार वाया गेले. ‘हिल्ले रे’ला पोरं नाचली खरी, पण ती पाठ होतं म्हणून.

‘मा रेवा’ (रेवा म्हणजे नर्मदा) थोडं वाचलं कारण त्यात गळा पुढं असतो. राहुल राम नर्मदा आंदोलनात होते, हे गाणं तिकडच्या खोऱ्यातलं, आणि ही नर्मदा म्हणजे आपल्या नंदुरबारच्या मणिबेलीवरून जाणारी, त्यामुळं आमच्या ग्रुपमधला धडगावचा मित्र त्या गाण्याला एकदम गप्प झाला होता.

पण खरी मजा ‘कंदिसा’ला. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची ही जुनी प्रार्थना, लांब-लांब सूर, सगळे मिळून गातात, घाई कसलीच नाही. तासभर ज्या हॉलला शिव्या घातल्या त्याच हॉलने इथं साथ दिली, प्रत्येक सूर वर लटकून राहायचा आणि दुसरा येऊन त्यात मिसळायचा, चर्चमध्ये असंच ऐकू येत असणार. मी हे गाणं मोकळ्या मैदानात पण ऐकलंय, इतकं भारी वाटलं नव्हतं. बाकी ‘बंदे’ या त्यांच्या गाजलेल्या गाण्यासाठी ‘बंदे, बंदे’ ओरडणारे पहिल्या गाण्यापासूनच चालू होते, भावांनो ते शेवटी वाजवतातच, जरा दम धरा.

उभं कुठं राहायचं हे महत्त्वाचं. स्टेजला चिकटून नाही. साउंडवाला त्याचा मिक्सर घेऊन जिथं बसलेला असतो त्याच्या बरोब्बर पुढं किंवा शेजारी उभं राहा, तो जे ऐकून आवाज लावतोय तेच तुम्हाला ऐकू येतं. आम्ही अर्ध्यातून तिकडं सरकलो आणि निखिलची गिटार पहिल्यांदा नीट कळली. कोपरे आणि भिंती टाळा, बास तिथं जाऊन साचतो. काचेजवळ तर अजिबात नको. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात, खिशात ठेवा, वीस-तीस रुपयांची वस्तू आहे, मोठ्या आवाजात उलट शब्द जरा स्पष्ट होतात. तिकीट काढायच्या आधी हॉलचे फोटो बघा, झुंबर दिसलं की समजून जा. आणि बसायचं तिकीट का उभ्याचं हे नीट वाचा, आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर जास्तच.

पाणी आत नेऊ देत नाहीत, आत बाटली महाग, खायला कुपनांची रांग आणि उरलेल्या कुपनांचे पैसे परत नाहीत, त्यामुळं थोडीच घ्या किंवा बाहेर वडापाव हाणून मगच आत शिरा. परतीचं बुकिंग मात्र आधीच करा, मुंबईहून कोल्हापूरला येणाऱ्या स्लीपर मध्यरात्रीनंतर वाकडला थांबतात, पिकअप नेमका पुलाच्या कुठल्या बाजूला आहे हे फोन करून विचारून घ्या, कारण रात्री एक वाजता तो हायवे ओलांडणं काय खायचं काम नाही.