नफा एक रुपयाचा नाही, मॅडम

शिवाजीनगर कोर्टातून परतले तर तो ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसलेला. मांडीवर लॅपटॉप, हातात नोटीस. एका गाजलेल्या कादंबरीतल्या दुय्यम पात्रावर त्याला तासाभराची फिल्म करायची होती. इंटरनेटवरून लोकांकडून २ लाख ४० हजार जमवले, टीझर टाकला, आणि लेखकाच्या वारसांची नोटीस आली. लेखक जाऊन वीसच वर्षं झालेली. कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

"पण मॅडम, नफा एक रुपयाचा नाही. सगळं प्रेमापोटी."

हे वाक्य ऐकलं की मला 'अ‍ॅक्सानार' आठवतो, अमेरिकेतला चाहत्यांच्या फिल्मवरचा खटला. तिथेही दुय्यम पात्रच होतं: १९६९ साली 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या एका भागात येऊन गेलेला कप्तान गार्थ. अलेक पीटर्स या चाहत्याने २०१४मध्ये त्याच्यावर लघुपट काढला, तो लोकांनी डोक्यावर घेतला, आणि पुढच्या मोठ्या फिल्मसाठी दहा लाख डॉलरच्या वर वर्गणी जमली. त्यातून गोदाम भाड्याने घेऊन स्टुडिओ उभा राहू लागला. डिसेंबर २०१५मध्ये 'स्टार ट्रेक'चे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएसने लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टात दावा लावला. दाव्यात मालिकेतले गणवेश, टोकदार कान, अगदी परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषासुद्धा! (त्यावर भाषाप्रेमींच्या एका संस्थेने कोर्टात चक्क क्लिंगॉन वाक्यं पेरलेलं निवेदन दिलं. असं निवेदन लिहायला मला फार आवडलं असतं.)

जानेवारी २०१७मध्ये न्यायाधीशांनी 'फेअर यूज'चा, म्हणजे परवानगीशिवाय केलेल्या रास्त वापराचा, बचाव फेटाळला. फिल्म फुकट दाखवणार होते, तरीही. त्यातून पुढे कामं मिळतील ही आशासुद्धा त्यांनी लाभात धरली.

"म्हणजे कामं मागताना दाखवायची शोरीलसुद्धा?" त्याचा आवाज बसला.

"हो. आणि आपल्या कॉपीराइट कायद्याचं सूट देणारं कलम ५२ तर आणखी अरुंद. खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडी. तुझी फिल्म यात कुठे बसवू?"

पीटर्सने त्याच महिन्यात तडजोड केली: पंधरा-पंधरा मिनिटांचे दोनच भाग, आणि त्यांच्यासाठी लोकांकडे जाहीर वर्गणी मागायची नाही. आपणही वारसांना भेटू, टीझर आजच काढ, असं सांगून मी हिशेब मागितला. कॅमेऱ्याचं भाडं, पोशाख, जेवणं... आणि 'खोलीचं डिपॉझिट – ३५,०००'.

"ही कुणाची खोली?"

"शूटिंग तिथेच करणार होतो, मॅडम."

मी बघत राहिले.

"राहतोही तिथेच."