खोकल्याने दिलेला दिलासा

“खोकला आहे का?” माझा दुखरा घसा तपासून टॉर्च बाजूला ठेवत डॉक्टरांनी विचारले आणि मी तक्रारीच्या सुरात “हो, शिवाय नाकही वाहते आहे” असे सांगताच त्यांचा चेहरा चक्क निवळला.

मी ज्याला दुखणे वाढल्याची खूण समजत होतो, तीच त्यांना दिलासा देणारी वाटली. सर्दी-खोकला सोबत असला की घसादुखी बहुधा विषाणूंमुळे झालेली असते आणि तिच्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही. उलट खोकला नसताना अचानक ताप चढला, मानेतल्या गाठी सुजून दुखू लागल्या आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, तर विशेषतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये स्ट्रेप्टोकोकस जिवाणूची शंका घेऊन घशातील नमुना तपासावा लागतो; कारण त्याकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते.

घसा रोज सकाळीच खवखवत असेल, तर दोष जठरातून वर येणाऱ्या आम्लाचाही असू शकतो.

मागच्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या चार उरलेल्या गोळ्या मी काल रात्रीच घेणार होतो, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही. तुमच्याही डब्यात अशा गोळ्या आहेत का?