मेजर निवडताना केळीचं पान समोर ठेवलं

दुसऱ्या वर्षाला मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता घेणार, हे लिहून द्यायला आम्हाला आठच दिवस मिळाले होते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी माझे विषय तीन: रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणात त्यातला एक मेजर होतो, एक मायनर, म्हणजे दुय्यम विषय, राहतो आणि एक सुटतो. तीन वर्षांच्या पदवीचे १३२ क्रेडिट, चौथं वर्ष केलं तर १७६, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा मेजरचा.

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात याचं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. केमिस्ट्री घे. ते उगाच म्हणत नव्हते. माझे दोन चुलतभाऊ केमिस्ट्री करून सुरतच्या गाडीत बसले ते वापी-अंकलेश्वरच्या कंपन्यांत लागले, महिन्याच्या महिन्याला घरी पैसे येतात. कॉलेजात मार्गदर्शनाला गेले तर तिथल्या सरांनी माझे गुण पाहिले आणि म्हणाले, "केमिस्ट्रीत जास्त आहेत, तेच टाक." मला काय करायचंय, हे मात्र विचारलं नाही. याचं मला फार वाईट वाटलं.

मला काय करायचंय ते २०२२ च्या ऑगस्टमध्येच ठरलं होतं. तेव्हा मी अकरावीत होते. दीड एकरात ग्रँड नैन जातीच्या केळीची अडीच हजार रोपं लावून दोन महिने झाले होते. एका सकाळी आप्पांनी मला बांधावरून हाक मारली. कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे उमटले होते, आणि पोंग्याजवळ, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानाजवळ, धरून ओढलं की कुजलेला भाग हातात येत होता. कुकुंबर मोझॅक. विषाणूचा रोग, यावर औषध नाही. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, म्हणून रोगट झाड मुळासकट उपटून लांब पुरायचं, एवढंच हातात. आम्ही त्या महिन्यात सव्वाचारशे झाडं उपटली. माय एकही शब्द न बोलता खड्ड्यात माती लोटत होती. रोग रोपांबरोबर आला की शेजारच्या काकडीवरून, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ते शोधायचं काम मला करायचंय.

बारावीनंतर कृषी पदवीसाठी सीईटी दिली, पण सरकारी कॉलेजला नंबर लागला नाही आणि खासगीची फी घरच्यांना झेपणारी नव्हती. साध्या बी.एस्सी.वर एमपीएससीची कृषी सेवा देता येत नाही, त्याला कृषीचीच पदवी लागते. हे आधी नीट समजून घेतलं, म्हणजे पुढे तीन वर्षं खोट्या आशेवर जायला नकोत.

मग मी उलट्या टोकाकडून सुरुवात केली. विषय बाजूला ठेवले आणि ते काम करणारी माणसं शोधली. ओळखीतून एका टिश्यूकल्चर लॅबमध्ये, म्हणजे बाटलीत रोपं वाढवतात तिथे, अर्धा दिवस बसायला मिळालं. लॅमिनार फ्लो, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा सोडणारं कपाट, त्याच्यासमोर ओळीने बसलेल्या मुली चिमटा आणि पातं ज्योतीवर धरायच्या, बाटलीतला इवलासा कोंब कापायच्या, नव्या बाटलीत खोचायच्या, झाकण लावायच्या. दिवसभर तेच. हात इतका स्थिर लागतो, की मी श्वास रोखून बघत होते. पण माझं काम पलीकडच्या खोलीत होतं. तिथे मातृकंदांचे आणि रोपांचे नमुने विषाणूसाठी तपासत होते, एलायझा आणि पीसीआर या चाचण्यांनी. तिथल्या ताईंना विचारलं, "तुम्ही काय शिकलात?" एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. त्यांच्या शेजारचे दादा बायोटेकवाले. मी पुढचं विचारायच्या आधीच ताई म्हणाल्या, "वनस्पतिशास्त्र सोडू नकोस. झाड ओळखता आलं नाही तर नमुना कुठून घेशील?" त्या दिवशी मिळालेला हा सगळ्यात मोलाचा सल्ला.

घरी येऊन नोकरीच्या जाहिरातींतल्या पात्रतेच्या ओळी वहीत उतरवल्या. जळगावच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला कोणत्या पदवीवरून प्रवेश मिळतो तेही पाहिलं. त्यावरून ठरवलं: मेजर सूक्ष्मजीवशास्त्र, मायनर वनस्पतिशास्त्र. सुटलं ते नेमकं माझे सर्वात जास्त गुण असलेलं रसायनशास्त्र, त्यामुळे रात्रभर झोप लागली नाही.

शेवटच्या दिवशी आप्पांना सांगितलं. काका तिथेच होते, त्यांनी पुन्हा वापीचं नाव काढलं. आप्पांनी त्यांना थांबवलं. "तुना मनमा काय शे, ते सांग," एवढंच मला म्हणाले. मी उपटलेल्या झाडांचं बोलले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग अर्जावर सही केली.

आता दुसरं वर्ष चालू आहे. प्रॅक्टिकलला ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे जिवाणू ओळखायला त्यांना रंग देणं, करून बोटं जांभळी होतात, घरी आलं तरी रंग निघत नाही. परवा आप्पांचा फोन आला, कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीची, रोपं कुठून आणू म्हणून. मी त्यांना चार दिवस थांबायला सांगितलंय. त्या ताईंना विचारते, रोपांबरोबर विषाणू तपासणीचा दाखला मिळतो का ते.