निरोप ‘सेंट’ झाला, पोचला नाही

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून फोन आला, “वायरलेस एकाच बाजूनं चालतंय.” इंडक्शन फर्नेसच्या (लोखंड वितळवायच्या विजेच्या भट्टीच्या) प्लॅटफॉर्मवरचा मायक्रोकंट्रोलर कूलिंगच्या पाण्याचं तापमान आणि प्रेशर लॅबमधल्या कॉम्प्युटरला पाठवायचा. उलट दिशेनं भट्टीजवळच्या डिस्प्लेवर लॅबचा निरोप जायचा: स्पेक्ट्रोत (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रात) सिलिकॉन कमी दिसलं, तर फेरो सिलिकॉन किती किलो टाकायचं. आकडे नीट येत होते. निरोप बहुतेक वेळा गायब.

आधीच्या माणसानं ‘फर्नेसचा नॉईज’ म्हणून मोठा अँटेना मालकांच्या गळ्यात मारला होता. कारण सापडलं नाही की नॉईजवर ढकलायचं, या सवयीची मला चीड आहे. नॉईज असूही शकतो. पण तपासा की! म्हणून मी सुट्टीच्या दिवशी, फर्नेस बंद असताना गेलो. निरोप तरीही गायब.

मग एकेक टोक धरलं. लॅबकडच्या यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टरचे (कॉम्प्युटर आणि रेडिओ जोडणाऱ्या तुकड्याचे) टीएक्स म्हणजे पाठवायचं आणि आरएक्स म्हणजे ऐकायचं टोक एकमेकांना जोडले. टाईप केलेली अक्षरं जशीच्या तशी परत आली, म्हणजे कॉम्प्युटरची बाजू ठीक. दोन्हीकडच्या एचसी-१२ रेडिओ मॉड्यूलना ‘एटी+आरएक्स’ ही कमांड देऊन सेटिंग विचारलं: बॉड (वेग) ९६००, चॅनेल ००१, दोन्हीकडे तेच. पाठवताना मॉड्यूल सुमारे १०० मिलिअँपिअर ओढतं, पण सप्लायचं व्होल्टेजही पडत नव्हतं.

भट्टीच्या लायनिंगचं (आतल्या अस्तराचं) पॅचिंग करायला आलेले मेल्टर मामा, म्हणजे भट्टी चालवणारे, शेजारी उभे होते. म्हणाले, “साहेब, पाण्याच्या सेन्सरची वायर निघाली की लॅबचा निरोप येतोय बघा. आकडे पळाय लागलं की डिस्प्ले मुका.”

वायर काढली. आकडे थांबले. निरोप आला.

बोर्ड सेकंदाला दहा ओळी पाठवत होता, प्रत्येक ओळ साठेक अक्षरांची. ९६०० बॉडला एका अक्षराला साधारण १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ हा नुसता बोलतोय. एचसी-१२ला एकाच वेळी बोलता आणि ऐकता येत नाही. वर कंट्रोलरचा एकुलता हार्डवेअर सिरियल पोर्ट डिस्प्लेला दिलेला, रेडिओ सॉफ्टवेअर सिरियलवर, म्हणजे प्रोग्रॅमनं चालवलेल्या पोर्टवर. तो अक्षर पाठवताना इंटरप्ट बंद ठेवतो, म्हणजे मध्येच कुणाची हाक ऐकत नाही, त्यामुळे येणारं अक्षर निसटतं. निरोपाला शिरायला फटच नव्हती.

आता बोर्ड आपणहून बोलत नाही. कॉम्प्युटर विचारतो, तो उत्तर देतो. प्रत्येक निरोपाला क्रमांक आणि चेकसम (अक्षरं बिघडली का ते ताडणारा आकडा). पोच आली नाही तर निरोप पुन्हा जातो, आणि पोच आल्यावरच लॅबच्या स्क्रीनवर ‘मिळाला’ दिसतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये पोर्टातून अक्षरं बाहेर पडली की लगेच ‘सेंट’ झळकायचं. लॅबवाले त्यावर विसंबायचे, हीट, म्हणजे भट्टीतला वितळलेला माल, तशीच ओतली जायची.

सिलिकॉन कमी भरलेल्या एका हीटचं रिजेक्शन मामांच्या नावावर लागलंय. ‘लॅबनं सांगितलेलं, मेल्टरनं टाकलं नाही’ असा शेरा आहे. डिस्प्लेचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. जुन्या प्रोग्रॅमवर निरोप कसे गळतात, त्या चाचणीची प्रिंट मी मॅनेजरांना दिली आहे. शेरा अजून खोडलेला नाही. मी परत विचारणार आहे.