तुम्ही विचारलंत म्हणून: विमानाला तारा कशाला?

मंडळाच्या दिवाळी फराळाला कोणीतरी हमखास माझी ओळख करून देतं, "हे विमानं बनवतात." समोरच्याचे डोळे मोठे होतात. मग मी सांगतो, की विमान चार फुटांच्या आतलं असतं, त्याला दोन तारा बांधलेल्या असतात, तारांचं दुसरं टोक माझ्या हातात असतं आणि ते माझ्याभोवती गोल फिरतं. डोळे पुन्हा नेहमीएवढे होतात. "म्हणजे रिमोट नाही?" मग चकलीचा तुकडा मोडत दुसरा प्रश्न, "पण मग तुम्हाला चक्कर नाही येत?"

चक्कर येते. पहिले आठ-दहा दिवस चांगलीच येते. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये मी पहिल्यांदा या तारांचं हँडल हातात धरलं. वायुसैनिक कॅम्पच्या स्पर्धांमध्ये कंट्रोल-लाइन, म्हणजे हेच तारांवरचं उड्डाण, हा प्रकार असतो, त्यासाठी मुलं तयार करायची म्हणून आम्हाला मैदानावर उभं केलं होतं. सातव्या-आठव्या फेरीला मी विमान सोडून स्वतःच जमिनीवर बसलो. शिकवणारे सर म्हणाले, "अरे, नवरीकडे बघ, वऱ्हाडाकडे काय बघतोस!" युक्ती एवढीच आहे. नजर विमानावर ठेवली की ते समोर जागच्या जागी स्थिर दिसतं. मागची झाडं, गाड्या, माणसं वाहून जातात. कोणी हाक मारली म्हणून मान वळवली, की संपलं.

आता खरा प्रश्न, तारा कशाला? त्यासाठी मला येवल्याला जावं लागतं. आमच्या येवल्यात संक्रांत एका दिवसाची नसते. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. आमच्याकडे मांजा चक्रीवर नाही, आसारीवर गुंडाळतात. पतंग एवढा वर गेलेला असतो की त्याचा रंगही नीट कळत नाही, पण बोटावर मात्र तो पूर्ण असतो. वारा पडला, पतंगानं मान टाकली, शेजारच्या गच्चीवरच्यानं पेच टाकला, हे डोळ्यांआधी बोटाला कळतं. रिमोटची विमानं मीही उडवली आहेत. दोन वर्षं. छान उडतात. पण हातात प्लॅस्टिकची डबी असते, आणि विमान आकाशात काय भोगतंय ते त्या डबीला कळत नाही. मला ती ओढ हवी होती, एवढंच माझं उत्तर आहे. बाकीचं सगळं एरंडाचं गुऱ्हाळ. तेही पुढे येईलच, आणि शब्दशः येईल.

यंत्रणा इतकी साधी की सांगताना लोकांना मी काहीतरी लपवतोय असं वाटतं. हातातल्या हँडलच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक पोलादी तार. जाडी 0.015 इंच, लांबी 60 फुटांच्या आसपास. दोन्ही तारा विमानाच्या डाव्या पंखातून आत जातात आणि एका तिकोनी पट्टीच्या दोन टोकांना बांधल्या जातात. या पट्टीला बेलक्रँक म्हणतात. तिच्या तिसऱ्या टोकापासून एक सळई शेपटीच्या एलिव्हेटरपर्यंत, म्हणजे तिथल्या वर-खाली हलणाऱ्या आडव्या पट्टीपर्यंत, जाते. मनगट मागे कललं की एलिव्हेटर वर आणि विमानही वर, पुढे कललं की दोन्ही खाली. बस्स. डावं-उजवं नाहीच, कारण तारा विमानाला दुसरीकडे जाऊच देत नाहीत. पण वर-खाली एवढंच हातात असलं तरी तुमच्याभोवती एक अख्खा घुमट असतो. त्या घुमटाच्या आतल्या अंगावर विमानानं रेघोट्या मारायच्या. गोल, चौकोन, आडवा आठ, डोक्यावरचा आठ, चार पाकळ्यांचं फूल. उलटं उडताना हाताची सगळी गणितंही उलटी.

ओढ मात्र फुकट मिळत नाही, ती विमानात बांधावी लागते. इंजिनचं नाक किंचित वर्तुळाबाहेर वळवतात, शेपटीचं उभं पान बाहेरच्या बाजूला मुरडतात, बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडं वजन घालतात. एवढं केल्यावर साधारण आठशे ग्रॅमचं विमान पाच सेकंदांत एक फेरी मारतं, म्हणजे ताशी 85 किलोमीटरच्या आसपास, आणि हाताला दोन-अडीच किलोनं ओढतं. बाजारातून भाजीची पिशवी आणावी तेवढं, फक्त पिशवी पळतेय. पतंगाला ढील देता येते, इथे ढील म्हणजे मरण. तारा सैल पडल्या की एलिव्हेटरशी तुमचा संबंध तुटला. म्हणून वाऱ्याच्या दिवशी डोक्यावरच्या कसरती करताना मी कित्येकदा अक्षरशः मागे धावलो आहे. साठीकडे झुकलेला माणूस आकाशाकडे बघत उलटा पळतोय, असं दृश्य तुम्हाला दिसलं तर तो वेडा नाही, तारा ताणतोय.

पोटापाण्यासाठी मी ऑरेगनमध्ये हिल्सबरोला आलो, तेव्हा हा छंद कधीच सुटला होता. चिपच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या. नंतर कळलं की आपण नेमके या खेळाच्या माहेरी येऊन पडलोय. शेजारच्या पोर्टलंडमध्ये जिम वॉकर नावाच्या गृहस्थाची अमेरिकन ज्युनिअर एअरक्राफ्ट कंपनी होती. त्यानं 'फायरबॉल' हे किट, म्हणजे घरी जोडायच्या विमानाचा संच, काढलं, तारांवरच्या उड्डाणाला 'यू-कंट्रोल' असं नाव दिलं आणि 1942 साली त्याचं पेटंटही मिळवलं. पक्का प्रदर्शनवाला माणूस. दोन हातांत दोन विमानं आणि डोक्याला बांधलेलं तिसरं, अशी तीन एकदम उडवायचा. त्याला चक्कर येत नव्हती का, हे मात्र मीही विचारलं असतं.

पण पेटंटाची कथा तिथे संपत नाही. वॉकर इतर उत्पादकांकडे हक्काचे पैसे मागत होता. कॅलिफोर्नियाच्या कॉक्सनं, लहान पोरांसाठी 0.049 घनइंचाची चिमुकली इंजिनं आणि तयार विमानं विकणाऱ्या त्याच कॉक्सनं, ते द्यायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं. तिथे ऑरेगनचाच ओबा सेंट क्लेअर पुढे आला. त्यानं पेटंटाच्या आधीच, 1930 च्या दशकात, बेलक्रँक लावून विमान उडवलं होतं. 1950 च्या दशकात पेटंट रद्द झालं. मला या दोघांत बाजू घेता येत नाही. कल्पना सेंट क्लेअरची, हे खरं. पण वॉकर नसता तर ती ऑरेगनच्या एखाद्या कुरणातच राहिली असती, हेही तितकंच खरं.

मी परत यात पडलो ते एका खोक्यामुळे. गॅरेज सेलमध्ये एका बाईंनी दिवंगत नवऱ्याचं सामान मांडलं होतं, त्यात स्टर्लिंगचं 'रिंगमास्टर' होतं. न उघडलेलं. फिलाडेल्फियाच्या स्टर्लिंग मॉडेल्सनं 1950 च्या सुमारास बाजारात आणलेलं हे विमान मॅट कॅनियानं आखलेलं. पंख 42 इंच, धड म्हणजे उभी फळीच. दिसायला कसलाही डौल नाही, पण दोन पिढ्यांनी कसरती याच विमानावर शिकल्या. झाकणावर पेन्सिलीनं त्या गृहस्थांनी स्वतःचं नाव आणि "ख्रिसमसनंतर" असं लिहून ठेवलं होतं. कुठल्या सालचा ख्रिसमस, ते नव्हतं.

अशी बंद खोकी जमवणारे लोक आहेत, आणि त्यांनी मला वेड्यात काढलं. उघडलंस की किंमत गेली, म्हणाले. माझी आई येवल्याची, कपाटात स्वतःची पैठणी, आणि ती किती वेळा नेसली? दोनदा. एकदा माझ्या मुंजीत आणि एकदा बहिणीच्या लग्नात. बाकी वर्षभर घडी मोडून पुन्हा घालायची. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मी खोकं उघडलं.

आत बाल्सा या हलक्या लाकडाच्या फळ्या, त्यांवर ठशानं कापलेले भाग. कापलेले म्हणायचं ते कंपनीच्या समाधानासाठी. जुन्या किटांचे ठसे इतके बोथट असत की लाकूड कापण्याऐवजी चेचलं जाई. सत्तर वर्षांत ते बिस्किटासारखं ठिसूळही झालं होतं. म्हणून पंखांच्या फासळ्या जशाच्या तशा वापरल्या नाहीत. त्या नव्या बाल्सावर ठेवून गिरवल्या, ब्लेडनं कापल्या, सगळ्या एका सळईत ओवून पॉलिश पेपरनं एकसारख्या केल्या. इंजिन बसवायचे कठीण लाकडाचे दांडे मात्र मूळचेच, ठणठणीत. नकाशा भिंतीवर लावला. आजकाल याच विमानाची लेझरनं कापलेली किटं मिळतात, फासळ्या अलगद सुटून हातात येतात. नवख्यानं तीच घ्यावीत, उगाच माझ्यासारखा वसा घेऊ नये. पंखावर सिल्कस्पॅन नावाचा कागद ओला करून ताणायचा आणि वर डोप नावाच्या रोगणाचे पातळ हात मारायचे. वाळताना कागद ढोलकीच्या पुडीसारखा तंग होतो. डोपच्या वासानं बायकोनं मला पहिल्याच दिवशी गॅरेजात हाकललं. ते योग्यच होतं.

इंजिन फॉक्स 35. म्हणजे 0.35 घनइंच, सुमारे पावणेसहा सीसी. ड्यूक फॉक्सनं 1940 च्या दशकाच्या अखेरीस काढलेलं हे इंजिन पुढे कित्येक दशकं जवळपास तसंच विकलं गेलं. त्याच्या थोडं आधी, 1947 मध्ये, इंधन पेटवणारा रे आर्डेनचा ग्लो प्लग बाजारात आला होता. कॉइल, कंडेन्सर, बॅटरी ही सगळी वरात विमानातून उतरली. प्लॅटिनमची छोटी तार एकदा तापवायची, मग मिथेनॉलच्या वाफेनं ती स्वतःच लाल राहते. आणि आता ते एरंडाचं गुऱ्हाळ. या इंजिनच्या पोटात मिथेनॉलबरोबर पाव हिस्सा चक्क एरंडेल लागतं. लहानपणी नाक दाबून घशात ओतलेलं तेच. आधुनिक कृत्रिम तेलं आहेत, पण फॉक्सचा लोखंडी पिस्टन फार तापला तरी एरंडेल त्याला चिकटून राहतं. जळक्या एरंडेलाचा धूर आला की क्लबातली ऐंशी वर्षांची म्हातारी पोरं डोळे मिटून श्वास ओढतात. मला मात्र आजीची वाटी आठवते आणि पोटात गोळा येतो.

आवाज ऐकण्यासारखा असतो. सरळ उडताना इंजिन जरा जास्त इंधनावर ठेवतात, त्यामुळे ते एकाआड एक फेऱ्याला पेटतं, आवाज जाडसर, घोगरा. नाक वर गेलं की मिश्रण विरळ होतं, प्रत्येक फेऱ्याला पेटू लागतं आणि आवाज एकदम चढतो. म्हणजे चढणीला जोर, उताराला आराम, आणि तो आपोआप. तबला लावल्यासारखी इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुईची झडप पाव-पाव वळसा फिरवत बसावं लागतं. माझी अर्धी सकाळ त्यात जाते.

पहिलं उड्डाण दीड सेकंदाचं झालं. तारा उलट जोडल्या होत्या, वरची खाली आणि खालची वर. मित्रानं विमान सोडलं, मी ते हळूच उचलायला मनगट मागे घेतलं आणि त्यानं नाक सरळ गवतात रोवलं. इंजिनचा पंखा तुटला, पुढची फळी चिरली. उडवण्याआधी हँडल हलवून एलिव्हेटर कुठे जातो ते बघायचं, हे पुण्याच्या मैदानावर पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तीस वर्षांनी ते पुन्हा शिकलो. दुरुस्तीला दोन आठवडे लागले. दुसऱ्या खेपेला उडालं, टाकी रिकामी होईपर्यंत उडालं, आणि उतरल्यावर माझा हात बराच वेळ थरथरत होता. ओढीनं की कशानं, ते सोडा.

पावसाळी हिवाळा बांधण्यात जातो, उन्हाळा उडवण्यात. दर ऑक्टोबरात जगभरचे लोक आपापल्या मैदानावर रिंगमास्टर उडवतात आणि एकूण किती उड्डाणं झाली ते मोजतात. यंदा माझी नऊ तरी व्हावीत असा बेत आहे.

तुम्हाला यायचं असेल तर शनिवारी सकाळी नऊला या. विजेच्या तारा जवळ असतील तिथे आम्ही उडवत नाही, त्यामुळे मैदान जरा आडबाजूला आहे. मुलांना आणलंत तर रंगवलेल्या वर्तुळाच्या बाहेर उभं करा, पोलादी तार मांज्यासारखीच कापते. आणि कपडे जुने घाला. एरंडेल धुऊन जात नाही.